बघत होतो, तुला येतं का

परसातल्या पेरूखालचा कट्टा यंदाच्या पावसाळ्यानंतर खचला. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, वर एकेक फुटाच्या नऊ शहाबादी फरश्या. पेरूच्या मुळीनं मधली फरशी उचलली आणि कडेच्या दोन तडकल्या. मिस्त्रींना बोलवायचं ठरलं, तेव्हा घरातून सूचना आली की आता हात घालतोच आहोत तर मोठा करून घेऊ, डबल, म्हणजे दोघांना नीट बसता येईल. मी त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन अठरा फरश्या टेम्पोत घालून आणल्या. नऊच्या दुप्पट अठरा, इथवर सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले, सोबत त्यांच्या हाताखालचा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. मी चहाचा कप हातात धरून, एकतीस वर्षं ज्या आवाजात वर्गात बोललो त्याच आवाजात सांगितलं, "डबल करायचाय. तिनाचे सहा घ्या. सहा बाय सहा." मिस्त्री तंबाखू मळत होते, त्यांनी मान हलवली. पोरगा मात्र भिंतीला टेकवून ठेवलेल्या फरश्यांकडे बघत राहिला. ओठ हलत होते त्याचे. मग म्हणाला, "सर, छत्तीस लागतील की. ह्या तर अठराच हायत."

मी गणिताचा शिक्षक. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, हे मी किती तुकड्यांना किती वेळा फळ्यावर काढून दाखवलं, त्याची मोजदाद नाही. कानशिलं तापल्यासारखी झाली. आणि त्या तापातच, विचार करायच्या आधी, तोंडातून वाक्य गेलं: "हं. बघत होतो, तुला येतं का."

अठरा फरश्या भिंतीला टेकून उभ्याच होत्या.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पोरगा "हां सर" म्हणाला आणि घमेलं उचलून वाळूकडे गेला. मिस्त्रींनी तंबाखू दाढेत धरली, फरश्यांकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझी अब्रू झाकावी तशा सुरात म्हणाले, "मग लांबट करू की. सहा बाय तीन. अठरा बरोबर बसतात." संध्याकाळपर्यंत कट्टा झाला. सूत धरलेलं, कोपरे गुण्यात, सांधे सिमेंटनं भरून पुसून घेतलेले. दोघांना बसायला तर लांबटच बरा, चौरसावर दोघं बसले की एकाची पाठ पेरूला लागायची. म्हणजे काम बिघडलं नाही, पैसे वाया गेले नाहीत, उलट सगळं सुधारलंच. तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रात्री कूस बदलताना यायचं, दात घासताना यायचं. चूक होते, माणूस आहे. पण चूक झाकायला मी जे बोललो ते इतकं तयार, इतकं गुळगुळीत निघालं की ते त्या क्षणी सुचलेलं नव्हतंच. वर्षानुवर्षं खिशात होतं.

शाळेत हे वाक्य आम्ही सगळेच वापरायचो. फळ्यावर उणेच्या जागी अधिक पडलं, मागच्या बाकावरून आवाज आला की खडू न थांबवता म्हणायचं, "शाबास, बघत होतो लक्ष आहे का." वर्ग हसतो, चूक पुसली जाते, तास पुढे सरकतो. नवीन शिक्षकांना शिक्षकखोलीत हे शिकवावं लागत नाही, त्यांनी स्वतःच्या शिक्षकांकडून ते आधीच उचललेलं असतं. मला नववीतली एक मुलगी आठवते. तिनं एकदा माझी चूक काढली, मी नेहमीचं वाक्य टाकलं. पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा मी समीकरणात घोळ घातला आणि तो घोळ घेऊन अर्धा फळा भरला. उत्तर जुळेना तेव्हा मागं वळून बघितलं, तर तिच्या वहीत तिसऱ्या ओळीपाशीच बरोबर आकडा होता. "अगं, मग सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय." तेव्हा मी हसून सोडून दिलं. आता कळतं की मी त्या पोरीच्या हातातून काय काढून घेतलं होतं. तिला काहीतरी सापडलं होतं, स्वतःचं. मी ते माझ्या परीक्षेचं उत्तर करून टाकलं. कट्ट्यापाशीही तेच केलं.

निवृत्तीनंतर मी प्लेटो वाचायला घेतला, तो भूमितीच्या वाटेनं. प्लेटोच्या 'मेनो' नावाच्या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम पोराकडून चौरस दुप्पट करून घेतो, एवढं पूर्वीपासून ऐकून होतो. कट्ट्याचं प्रकरण झालं त्याच आठवड्यात ते पान पुन्हा काढलं, आणि या वेळी मला भूमिती दिसेनाच. मेनो हा थेसलीतला श्रीमंत, देखणा तरुण, गॉर्जियससारख्या वक्तृत्वगुरूच्या शिकवणीत तयार झालेला. तो आल्या आल्या विचारतो, नमस्कार-चमत्कार काही नाही: सॉक्रेटिस, सद्गुण शिकवता येतो का? की सरावानं येतो? की जन्मतःच असतो? सॉक्रेटिस म्हणतो, अरे, सद्गुण म्हणजे मुळात काय तेच मला ठाऊक नाही, तर तो शिकवता येतो का हे कुठून सांगू? मेनोला हे खरं वाटत नाही. त्याच्या मते हे तर सोपं आहे. पुरुषाचा सद्गुण राज्यकारभार बघणं, मित्रांचं भलं आणि शत्रूंचं वाईट करणं; बाईचा घर सांभाळणं; पोराचा वेगळा, म्हाताऱ्याचा वेगळा. सॉक्रेटिस म्हणतो, मी एक मागितला आणि तू मोहोळच पुढे केलंस. मग व्याख्यांमागून व्याख्या पडत जातात, आणि शेवटी मेनो वैतागून म्हणतो की तू त्या समुद्रातल्या चपट्या माशासारखा आहेस, ज्याला हात लावला की अंग बधिर होतं. दिसायलाही तसाच आहेस. सद्गुणावर मी हजार वेळा, मोठमोठ्या सभांत, उत्तम बोललो आहे, आणि आता तो काय आहे एवढंही सांगता येत नाही.

हजार वेळा, मोठमोठ्या सभांत. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण प्लेटो ते पुढे अशा जागी परत आणतो की वाचणाऱ्यालाच चिमटा बसावा.

मेनोच्या लवाजम्यातला एक गुलाम पोरगा पुढे बोलावला जातो. त्याला ग्रीक येतं ना, एवढंच सॉक्रेटिस विचारून घेतो. हो, आमच्याच घरात जन्मलेला, असं मेनो सांगतो. पोराला नाव नाही. सॉक्रेटिस चौरस काढतो, बाजू २ फूट, क्षेत्रफळ ४. दुप्पट, म्हणजे ८ क्षेत्रफळाचा चौरस हवा, तर बाजू किती? पोरगा क्षणात सांगतो, दुप्पट. ४ फूट. काढून बघतात तर १६ होतात. मग ३ म्हणतो, ते ९ होतात. आणि मग तो थांबतो. म्हणतो, देवाशपथ सॉक्रेटिस, मला माहीत नाही. तिथं सॉक्रेटिस मेनोकडे वळून जे म्हणतो त्यावर मी त्या रात्री बराच वेळ पुस्तक उपडं ठेवून बसलो. बघ, म्हणतो, याला आपण बधिर केलं, पण त्याचं नुकसान झालं का? मघापर्यंत हा अनेकदा, पुष्कळ लोकांसमोर, मोठ्या ऐटीत सांगत सुटला असता की दुप्पट चौरसासाठी दुप्पट बाजू लागते.

मेनोला उद्देशून मारलेला तो टोमणा २४०० वर्षांनी माझ्या परसात येऊन पडला. चहाच्या कपासकट.

पण मला लागलं ते वेगळंच. त्या पोरानं चूक केली आणि ती चूक म्हणूनच राहू दिली. "बघत होतो, तुम्हाला येतं का सॉक्रेटिस" असं तो म्हणाला नाही. म्हणेल कसा, तो गुलाम. त्याला सांभाळायला इभ्रतच नाही, म्हणून 'माहीत नाही' हे त्याच्या तोंडून सहज निघतं. मेनोला तेच म्हणायला किती पानं लागली, आणि तेही दुसऱ्याला मासा म्हणून. या जागी कौतुक कुणाचं करायचं हेच मला उमगेना. पुढे सॉक्रेटिस कर्ण काढून दाखवतो, कर्णावरचा चौरस दुप्पट भरतो हे पोरगा बघतो, होय म्हणतो. आणि मग दोघं थोर माणसं पुन्हा सद्गुणाकडे वळतात, आणि तो पोरगा त्या पानातून नाहीसा होतो. त्याला कुणी बस म्हणत नाही, पाणी विचारत नाही. आत्म्याला सगळं आधीपासून ठाऊक असतं, शिकणं म्हणजे आठवणं, हा एवढा मोठा सिद्धांत ज्याच्या तोंडून सिद्ध करून घेतला, तो संध्याकाळी मेनोचं सामान उचलत असणार. आमच्या पोराला मी निदान चहा दिला होता. चहा देताना विचारलंही, कुठल्या शाळेत होतास? त्यानं पलीकडच्या गावाचं नाव सांगितलं. तो माझा विद्यार्थी नाही हे ऐकून मला हायसं वाटलं. हे हायसं वाटणंसुद्धा तपासून बघण्यासारखं आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

आता इथं माझ्यातला वकील उभा राहतो. तो म्हणतो, सॉक्रेटिस तरी दुसरं काय करत होता? कर्णाचं उत्तर त्याला आधीपासून ठाऊक होतं. पोराला येतं का, हेच तर तो बघत होता. शिवाय प्लेटोच्याच 'रिपब्लिक'मध्ये थ्रॅसिमॅकस नावाचा वक्तृत्वशिक्षक त्याच्या तोंडावर सांगतो की ही तुझी नेहमीची सोंगं, स्वतः उत्तर द्यायचं नाही आणि दुसऱ्यानं दिलं की सोलून काढायचं. ग्रीकांचा त्यासाठीचा शब्द इरोनिया, म्हणजे असून नसल्याचं ढोंग. माझं वाक्य आणि सॉक्रेटिसचं 'मला माहीत नाही' यांत मग फरक काय? मी नसलेलं ज्ञान असल्याचं सोंग केलं, त्यानं असलेलं नसल्याचं. बरेच दिवस मी या युक्तिवादावर खूश होतो. पण मासा म्हटल्यावर सॉक्रेटिसनं दिलेलं उत्तर आडवं येतं. तो म्हणतो, तो मासा स्वतः बधिर असून दुसऱ्याला बधिर करत असेल तर मी तसा आहे, एरवी नाही. मला उत्तर ठाऊक आहे आणि मी तुम्हाला गोंधळात पाडतो असं नाही. मीच सगळ्यांत जास्त गोंधळलेलो आहे. भूमितीत हे खरं नव्हतं, कबूल. सद्गुणाबाबत मात्र मला ते खरं वाटतं. ज्याला उत्तर ठाऊक आहे तो सत्तर वर्षांचा होईपर्यंत तेच तेच विचारत बाजारात हिंडत नाही.

बाजारावरून आठवलं. अथेन्सच्या अगोऱ्यात, म्हणजे बाजारचौकात, कोपऱ्याशी, एका जुन्या घराच्या अवशेषांत बुटांचे बारीक खिळे सापडले, हाडाच्या कड्या सापडल्या, आणि एका पेल्याच्या बुडावर नाव कोरलेलं सापडलं: सायमनचा. सॉक्रेटिस सायमन नावाच्या चांभाराच्या दुकानात जाऊन बसायचा अशी जुनी कथा आहेच. मला ते खिळे फार आवडतात. कारण सॉक्रेटिसवर एक तक्रार अशीही होती की हा सदान्कदा चांभार, धोबी, आचारी, वैद्य यांचेच दाखले देतो, बोलायचं काय आणि हा बोलतो काय. तो स्वतः पाथरवटाचा पोरगा आणि आई सुईण. पुढे त्याच्यावर खटला झाला, त्यातल्या बचावाच्या भाषणात तो सांगतो की मी राजकारण्यांकडे गेलो, कवींकडे गेलो, त्यांना काही सांगता येईना. शेवटी कारागिरांकडे गेलो, आणि त्यांना मात्र खरोखर पुष्कळ काही येत होतं. फक्त एक खोड, आपल्याला जोडा शिवता येतो म्हणून बाकीच्या थोर गोष्टीही कळतात असं त्यांना वाटायचं. ही खोड मिस्त्रींना नाही. मला आहे.

सद्गुण हा शब्द मी मघापासून नाइलाजानं वापरतोय. मूळ शब्द अरेटे. तो मराठीत 'सद्गुण' झाला की लगेच सोवळं नेसून बसतो, आणि सुविचाराच्या फळ्यावर जातो. ग्रीकांची अरेटे घोड्याची असते, डोळ्याची असते, छाटणीच्या कोयत्याचीही असते. ज्याचं जे काम, ते ज्यामुळे नीट होतं ती. त्यामुळे 'सद्' काढून टाकला तर आपला नुसता 'गुण' त्याच्या पुष्कळ जवळ जातो. औषधाला गुण आला म्हणतो तो गुण. विहिरीच्या पाण्याचा गुण. पोरानं गुण उधळले, तेही. आणि ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मेनोच्या पहिल्या प्रश्नाला आपल्या आज्यांनी एका बैलजोडीत उत्तर देऊन टाकलंय: शिकवून नव्हे, शेजारी बांधून. मी आयुष्यभर पैकीच्या पैकी 'गुण' वाटले. आणि मिस्त्री ज्यानं कोपरा तपासतात ती लोखंडी काटकोनी पट्टी, तिलाही गुण्याच म्हणतात. शब्दांच्या कुळीत मी शिरत नाही, कानाला ते भाऊ वाटतात एवढंच.

वाण आणि गुणाचा हा घोळ अथेन्समध्येही होता. त्याच संवादात मध्येच ॲनिटस नावाचे पुढारी येऊन बसतात आणि सॉक्रेटिस त्यांना विचारतो, शहरातल्या भल्या माणसांनी आपल्या पोरांना भलेपणा का नाही शिकवला? थेमिस्टोक्लीसनं मुलाला उत्तम घोडेस्वार केला, घोड्यावर उभं राहून भाला फेकायचा म्हणे. पण बापाचं शहाणपण त्याच्यात आलं असं कुणी म्हटलेलं ऐकलंय का? पेरिक्लीसची मुलं? न्यायी म्हणून ज्याचा लौकिक, त्या अरिस्टायडीसचा मुलगा लिसिमॅकस? हा लिसिमॅकस 'लाखेस' नावाच्या दुसऱ्या एका संवादात स्वतः भेटतो, आणि त्याचं पान माझ्याच्यानं भरभर वाचवत नाही. म्हातारा झालाय. मित्राबरोबर आणि दोघांच्या मुलांबरोबर जेवतो. म्हणतो, आमच्या वडिलांच्या पराक्रमाच्या गोष्टी आम्ही मुलांना सांगतो, पण आमची स्वतःची सांगण्यासारखी एकही नाही, आणि त्याची आम्हाला लाज वाटते. वडील इतरांच्या कामांत गुंतले होते, आमच्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती. आणि मुलाचं नाव त्यानं ठेवलंय आजोबांचं, अरिस्टायडीस.

माझे वडील शिंपी होते. एस्टी स्टँडामागं दुकान. गिऱ्हाइकाच्या कापडातून उरलेला वितभर तुकडाही ते घडी घालून, सदऱ्याच्या खिशात ठेवून परत द्यायचे. त्यांच्या व्यवसायात ही अशक्य कोटीतली गोष्ट, म्हणून तालुक्यात नाव होतं. पण एकदा त्यांच्याकडून एका पाटलांच्या कोटाची बाही आखूड कापली गेली. मी दुकानात काज करायला बसलेलो, मला सगळं दिसलं होतं. पाटील आले, कोट घातला, मनगट उघडं. वडील टेप गळ्यात अडकवत, अजिबात न अडखळता म्हणाले, "कापड आटलं." पाटलांनी मान हलवली. मी खाली बघून सुई ओवत राहिलो. वितभर चिंधी परत करणारा माणूस आणि अख्खी बाही कापडावर ढकलणारा माणूस एकच होता, आणि मला दोघांचाही अभिमान आणि दोघांचीही लाज अजून एकाच वेळी वाटते. प्रोटॅगोरस नावाच्या नामांकित शिक्षकाशी झालेल्या, त्याच्याच नावाच्या संवादात सॉक्रेटिस विचारतो की हे सगळे गुण, न्याय, धैर्य, संयम, चेहऱ्यावरच्या नाका-डोळ्यांसारखे वेगवेगळे असतात की सोन्याच्या तुकड्यांसारखे सगळीकडून एकच? प्रोटॅगोरस म्हणतो, नाका-डोळ्यांसारखे. व्यवहारी माणसाला तसंच वाटणार. पण त्या बाहीपाशी वडिलांचा प्रामाणिकपणा कमी पडला नव्हता, धैर्य कमी पडलं होतं. चिंधी परत करायला धैर्य लागत नाही. ते जिथं लागलं तिथं प्रामाणिकपणाही निघून गेला. म्हणजे ते सोनंच असावं, एकीकडून झिजलं की सगळीकडून वजन कमी.

आणि गुण मला लागला तो नेमका बाहीचा.

मी खोटं बोलू नये हे मला ठाऊक नव्हतं का? मूल्यशिक्षणाच्या तासाला मीच तर शिकवायचो. आपल्याकडे या अवस्थेला सुंदर वाक्य आहे: कळतं पण वळत नाही. ते म्हणताना आपण मान जरा तिरकी करतो, स्वतःवर माया करत हसतो. सॉक्रेटिसला हे वाक्य मान्य नाही. जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही, असं तो ठासून सांगतो. वळत नाही ना? मग कळलेलंच नाही. 'पण' या शब्दाला तो जागाच ठेवत नाही. सॉक्रेटिसच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी जन्मलेल्या ॲरिस्टॉटलला हे डोळ्यांना दिसतं त्याच्या उलट वाटलं, आणि तो समंजस माणूस मधला मार्ग काढतो. म्हणतो, दारू प्यालेला माणूससुद्धा एम्पिडोक्लीस या कवी-तत्त्वज्ञाच्या ओळी घडाघडा म्हणतो, तसं त्या क्षणी माणसाकडे ज्ञान असतं. शब्द असतात, बाकी काही जागं नसतं. ॲरिस्टॉटल मला सोयीचा आहे. त्याच्या हिशेबात मी चांगला माणूस, फक्त त्या सकाळी जरा चढलेली होती, 'सर'पणाची. सॉक्रेटिसच्या हिशेबात मला प्रामाणिकपणा कधी आलाच नाही, मी तो फक्त शिकवला.

'मेनो'च्या शेवटी याच्यावर एक दाखला आहे. लारिसा या गावाला जाणारी वाट ज्याला पक्की ठाऊक आहे आणि ज्याला नुसती बरोबर वाटते, दोघंही पोचतात. मग ज्ञान आणि बरोबर निघालेला अंदाज यांत फरक काय? तर अंदाज डीडलस या दंतकथेतल्या कारागिराच्या पुतळ्यांसारखे. बांधून ठेवले नाहीत तर पळून जातात. कशानं बांधायचे? कारणानं; हे असं का, याचा हिशेब देता आला पाहिजे. माझं क्षेत्रफळाचं ज्ञान एकतीस वर्षं फळ्याला बांधलेलं होतं. कट्ट्यापाशी फळा नव्हता, ते पळालं. पोराचं फरश्यांना बांधलेलं होतं. आणि मेनोचं पुढे काय झालं, ते सॉक्रेटिसच्याच ओळखीतल्या झेनोफन या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. भाडोत्री ग्रीक सैनिकांचा सेनापती म्हणून तो इराणच्या राजाविरुद्धच्या मोहिमेत गेला, आणि झेनोफनच्या मते खोटं बोलणं आणि फसवणं ही त्याला इच्छित स्थळी जायची सर्वांत जवळची वाट वाटायची. सरळ माणूस म्हणजे त्याच्या लेखी खुळा. राजाच्या कैदेत वर्षभर हाल होऊन तो मेला. झेनोफनचा त्याच्यावर राग होता, थोडं वजा करून वाचावं. पण सद्गुण शिकवता येतो का हे जगातल्या सगळ्यांत नामांकित शिक्षकाला विचारणाऱ्या माणसाचा हा शेवट प्लेटोच्या वाचकांना ठाऊक होता.

मधेच उठून गेलेले ॲनिटस जाताना बजावून गेले होते की सॉक्रेटिस, तू लोकांबद्दल फार सहज वाईट बोलतोस, जपून राहा. इ. स. पू. ३९९ मध्ये खटला भरणाऱ्या तिघांत तेही होते. सुमारे ५०० पंच, आणि तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो, असं सॉक्रेटिसच म्हणाला. पूर्वी मला वाटायचं, एवढ्याशा प्रश्नांसाठी माणूस मारतात? आता मी त्या ५०० जणांत स्वतःला बसवून बघतो. भर बाजारात, आपल्या पोरासमोर, आपल्या गड्यासमोर ज्याची कानशिलं एकदा तशी तापली असतील, त्याला मत कुठं टाकायचं याचा फार विचार करावा लागला नसेल.

मिस्त्रींचा गुण्या माझ्याकडेच राहिला होता. कट्ट्यामागं, पेरूच्या बुंध्याशी टेकवलेला, रात्रीच्या दवानं तांबूस झालेला. मी तो पुसून आणून टेबलावर ठेवला, पुस्तकाशेजारी, आणि दहा-बारा दिवस तो तिथंच होता. मग एका संध्याकाळी पोरगा आला. मोटारसायकल गेटाशी चालूच ठेवून. मी गुण्या आणून दिला आणि म्हटलं, "ऐक जरा. त्या दिवशी मी चुकलो होतो. तुला येतं का बघत नव्हतो."

"माहितेय की," तो म्हणाला.

एवढंच. राग नाही, मोठेपणा नाही. मीच मग ओशाळून, काहीतरी द्यावं म्हणून असेल, त्याला कट्ट्यापाशी नेलं आणि विटेच्या तुकड्यानं भिंतीवर चौरस काढला. तीन बाय तीन. म्हटलं, चौरसच ठेवून बरोबर दुप्पट करता आला असता, बघ, हा कर्ण घ्यायचा आणि त्याच्यावर चौरस. बाजू चार फूट तीन इंचाच्या आसपास, मापून नेमकी येतच नाही, काढावीच लागते. मी रंगात आलो होतो. त्यानं मोटारसायकल बंद केली, जवळ आला, बोटानं भिंतीवर आणखी दोन रेघा ओढल्यासारखं केलं. ओठ पुन्हा तसेच हलले.

"बसतात अठरा," तो म्हणाला. "बारा अख्ख्या. पण सहा तिरक्या कापाव्या लागल्या असत्या." मग भिंतीवरच्या टोकाशी नख टेकवून म्हणाला, "शहाबादी तिरकी कापली की टोकं उडतात, सर. तीन-चार जादा आणाव्या लागल्या असत्या."

त्यानं गुण्या हँडलला अडकवला आणि पाणी मागितलं.